आगीत न जळलेला जेम्स, आणि ठाणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मध्ययुगीन ख्रिस्ती संतांच्या आख्यायिकांवरचा लेख आवडला. ड्रॅगन मारणारा जॉर्ज आला, बाळ येशूला खांद्यावरून नदीपार नेणारा क्रिस्तोफर आला. पण लेखाचा सूर असा, की हे सगळं तिकडचं, युरोपातलं. एक आख्यायिका तर थेट आपल्या ठाण्यातली आहे.

एप्रिल १३२१. थॉमस, जेम्स, पीटर आणि दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातले ख्रिस्ती साधू, इराणच्या आखातातल्या होर्मुझहून केरळातल्या कोल्लमला निघाले होते; वारा उलटा लागला आणि गलबत ठाण्याला आलं. इथे नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती, त्यातल्या एका घरी ते उतरले. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उचलला, बायको काझीकडे गेली. साक्षीला या पाहुण्यांना बोलावलं आणि चौकशीची गाडी भलत्याच वळणावर, धर्माच्या वादावर गेली. शेवटी चौघेही मारले गेले.

ही हकिकत सांगणारा ओदोरिक हा त्यांचाच पंथबंधू. तो नंतर ठाण्यात आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. त्याच्या सांगण्यानुसार जेम्सला आगीत टाकलं, पण तो जळला नाही. काझी म्हणाला, यात कसलं पावित्र्य, याच्या अंगावरचा झगा अब्राहामाच्या देशातल्या लोकरीचा आहे! मग झगा उतरवला, अंगाला तेल फासलं, आणखी मोठी आग केली; तरी जेम्स धडधाकट बाहेर. प्रल्हादाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवं काही नाही. मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ओदोरिकने हे सारं १३३० मध्ये इटलीतल्या पादुआत बसून दुसऱ्याकडून लिहून घेतलं, आणि हा जेम्स पादुआचाच! आगीचा मान नेमका त्याच्याच वाट्याला का आला, अशी शंका मला तरी येते.

म्हणून हे सारं थापा म्हणून सोडून द्यावं का? ठाणं हे अलेक्झांडरशी लढलेल्या पोरस राजाचं नगर, असंही ओदोरिक ठोकून देतो. पण इथे कुत्र्याएवढे उंदीर आहेत, मांजरांना ते आवरत नाहीत, असंही तोच लिहितो. घूस पाहिलेला ठाणेकर त्याला खोटं म्हणणार नाही! चमत्कार ठरलेल्या साच्यातले असतात. घरातलं भांडण, पंधरा घरं आणि घुशी मात्र कुणी साच्यातून काढत नाही.

आणखी एक. ही कथा आज दोन धर्मांच्या वैराची म्हणून सांगण्याचा मोह कुणाला होईल. ओदोरिकच्याच कथेत ठाण्याचा मलिक, म्हणजे इथला कारभारी अधिकारी, आधी त्यांना खाडीपलीकडे सोडून देतो आणि नंतर काझीच्या सांगण्यावरून मारेकरी पाठवतो. पुढे दिल्लीचा सुलतान त्याच मलिकाला देहदंड देतो. सांगायची तर पूर्ण सांगावी.

थॉमसला १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी 'धन्यवादित' (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून मान्यता दिली. अस्थी आधी पुरल्या होत्या त्या सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात. पुरवणीतली ही मालिका पुढे चालणार असेल, तर एक भाग ठाणे-सोपाऱ्यासाठी ठेवावा, आणि प्रत्येक आख्यायिकेखाली ती कुणी, कुठे, किती वर्षांनी सांगितली तेवढं छापावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे