आजीला उन्हवऱ्याला नेताना

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

आजीला घेऊन दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. मात्र त्याच दिवसात हर्णैचा बाजार आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती कोंबू नकोस. गरम पाण्यातून आलं की अंग सैल पडतं. तो सैलपणा मिळावा म्हणूनच तर जायचं, मग लगेच गाडीत बसून तो घालवायचा कशाला?

तिथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते, म्हणून ते तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. गणेशपुरी-अकलोलीपासून थेट राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत कोकणात असे झरे आहेत. उन्हवऱ्याचं मूळ पाणी सुमारे ७० अंशांचं, आणि ६० अंशांचं पाणीसुद्धा चार-पाच सेकंदांत कातडी भाजतं. तेव्हा उगमाशी हात घालून बघायचा मोह नको.

आजीसाठी ३८ ते ४० अंश पुरेत. स्वयंपाकघरातला थर्मामीटर सोबत ठेव. तो नसेल तर तुझं कोपर बुडवून बघ. तिला स्वतःला अंदाज घ्यायला लावू नकोस, कारण जुन्या मधुमेहात तळपायांची जाणीव कमी होते आणि भाजलेलं कळत नाही. कुंड जास्त गरम लागलं तर बादलीनेच आंघोळ घाल. ७० अंशांचा एक तांब्या आणि साध्या पाण्याचे दोन तांबे मिसळले की ४० अंशांच्या आसपास येतं. आधी गार पाणी ओत, मग गरम.

सकाळी लवकर जा. तिला उपाशी नेऊ नकोस. मधुमेहाची गोळी घेऊन रिकाम्या पोटी गरम पाण्यात बसलं की साखर उतरते. तासभर आधी मऊ भात किंवा उपमा दे, उतरण्याआधी पेलाभर पाणी पाज. रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचार. आपल्या मनाने एकही गोळी चुकवायची नाही.

पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून तू आधी उतर आणि तिचा हात धर. प्रथम पावलांवर पाणी, मग गुडघ्यांवर, मग पाठीवर. त्यानंतर कमरेइतक्या पाण्यात बसव. छातीपर्यंत नको, हृदयावर ताण येतो. पहिल्यांदा पाच मिनिटं, मग बाहेर विसावा, वाटलं तर पुन्हा पाच. तेवढा वेळ गप्पा नकोत, फोन तर पिशवीतच असू दे. तिला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांग. श्वास भरभर होऊ लागला, कानांत धडधड जाणवली की घड्याळ न बघता बाहेर.

सगळ्यात जास्त घात होतो तो उठताना. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त पायांकडे उतरतं आणि झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी पायरीवर दोन मिनिटं बसू दे. तरीही चक्कर आलीच तर आडवी झोपवून पाय उंच कर. छातीत दुखलं तर मात्र थेट दवाखाना.

डोकं बुडवायचं नाही, तूसुद्धा. कोमट गोड्या पाण्यात क्वचित एक अमीबा असतो. पाणी पिण्याने तो बाधत नाही, पण नाकातून मेंदूत गेला तर जिवावर बेततं. अंगावर उघडी जखम असेल तर कुंडात उतरूच नका.

तेल आधी लावून नेऊ नकोस. पायऱ्या निसरड्या होतात आणि तेलाचा तवंग सगळ्यांच्याच पाण्यात जातो. साबणही नको. खोलीवर परतल्यावर तिळाचं कोमट तेल अर्धी वाटी घे आणि तिच्या गुडघ्यांना, पोटऱ्यांना हलक्या हाताने लाव. तळव्यांना लावलंस तर पुसून मगच चालू दे. चांदीची जोडवी घरीच काढून ठेवायला सांग, पाण्यातल्या गंधकाने काळी पडतात.

गुडघ्यांचा आखडलेपणा काही तास नक्की कमी होईल, कारण शेक मिळतो. या पाण्याने संधिवात बरा होतो असं तिथे कुणी सांगेल, त्यावर औषध थांबवायचं नाही. स्नानानंतर दोन पेले पाणी, अंगावर सुती चादर आणि अर्धा तास पडून राहणं. तूही पड. गाडी त्यानंतरच काढ.

पोचलात की कळव.

तुझी आई