बाबा, मी मास्तरीण नाही

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई स्वतःच्या मनाने सांगते, त्यामुळे यावेळी सरळ लिहूनच पाठवतेय. दादाच्या पोराच्या व्हॉट्सअॅपवर टाकतेय, प्रिंट काढून दे आणि अक्षरं मोठी ठेव असं त्याला बजावलंय.

विषय एकच आहे. कुडाळच्या लग्नात बाबा चारचौघांत म्हणाले, "आमचा चेडू चिपळुणात शाळेत मास्तरीण आसा." मी तिथे काही बोलले नाही, पंगत बसली होती. पण बाबा, मी मास्तरीण नाहीये हो. ग्रंथपाल आहे. आणि परत घरी आल्यावर तुम्ही म्हणालात की आता तरी बीएड करून टाक, वय गेलेलं नाही, त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं ते आता देतेय. नाही करणार.

तुमचं म्हणणं कळतं मला. तुमच्या डोळ्यासमोर माझा सगळा प्रवास म्हणजे धरसोड. बीए झालं, मग काकांकडे डोंबिवलीला जाऊन ऑफिसात डेटा एन्ट्री, मग 2005 च्या 26 जुलैला रात्रभर कुर्ल्याला अडकल्यावर आईने रडून परत बोलावलं, मग आंब्याच्या कॅनिंगमध्ये सीझनपुरती पल्पच्या डब्यांची नोंद, मग वाचनालयात मदतनीस. तिथे पगार म्हणजे हातखर्च होता पण तिथेच कुणीतरी सांगितलं म्हणून जिल्हा ग्रंथालय संघाचा सर्टिफिकेट कोर्स केला, लग्न झालं, मोठी पोटात असताना मुक्त विद्यापीठातून बीलिब, म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी केली आणि मग इथे शाळेत अर्धवेळ लागले. अर्धवेळ म्हणजे पगारही अर्धा, आणि मुलांचा पट वाढेपर्यंत तसंच राहायचं. आई तेव्हा दर फोनला म्हणायची, "गो बाय, आता तरी बस एका जाग्यार." बसलेच होते की गं, फक्त अर्धा दिवस. खरं सांगू का, धाकटा लहान होता आणि सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं तेव्हा तो अर्धा दिवस देवासारखा वाटायचा, हे बाबांना तेव्हा सांगितलं असतं तर चिडले असते.

बाबा, तुम्हाला एक माणूस सांगते. रंगनाथन. मद्रासला कॉलेजात गणित शिकवायचे, 1924 ला विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांत कंटाळून परत आपल्या प्रिन्सिपलकडे गेले, म्हणाले मला माझी मास्तरकी परत द्या, इथे दिवसभर बोलायला माणूस नाही. त्यांना सांगितलं आधी लंडनला जाऊन ये, तरी नको वाटलं तर बघू. ते गेले, तिथली ग्रंथालयं बघितली आणि परत आल्यावर मास्तरकीचं नाव काढलं नाही. आज आपल्या देशात त्यांच्या जन्मदिवशी, 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिन करतात. त्यांची पाच सूत्रं आम्हाला परीक्षेला पाठ असतात, त्यातलं पहिलंच आहे की पुस्तकं वापरायसाठी असतात. सोपं वाटतं, पण तुम्ही बऱ्याच शाळांत जाऊन बघा, कपाटाला कुलूप आणि चावी कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही.

मी दिवसभर काय करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. आई विचारते पुस्तकांना नंबर लावायला एवढं शिकावं लागतं का. नंबर लावणं हा त्यातला सोपा भाग आहे. कुठले सर रजेवर असले की तो ऑफ तास माझ्याकडे येतो, म्हणजे पन्नास-साठ पोरं एकदम, निम्म्यांना खिडकीत बसायचं असतं. गेल्या वर्षी सातवीतला एक मुलगा होता, वाचायला सांगितलं की शौचाला जातो म्हणायचा. वर्गात त्याला ढ म्हणायचे. एकदा माझ्याजवळ येऊन हळूच विचारतो, बाई, फुरसं आहे का कुठल्या पुस्तकात? त्याच्या वाडीत जांभ्याच्या गडग्यात फुरशी निघतात, त्याच्या काकाला चावलं होतं. सापांचं पुस्तक काढून दिलं, 597.96 चा कप्पा. चित्र सापडलं, मग त्याखालचं वाचायलाच लागलं ना, अडखळत एक परिच्छेद वाचायला त्याला अख्खा तास लागला आणि शेवटी म्हणतो, यात लिहिलंय ते अंग घासून कर्र आवाज करतं, ते बरोबर आहे, मी ऐकलाय. पुस्तक तपासून पास केलं त्याने! आता तो स्वतःच कप्प्यावर जातो, नंबर पाठ आहे. मी वर्गावर असते तर मला पोर्शन संपवायचा असता, फुरशाला एवढा वेळ कुठून दिला असता.

आणि पुराचं. 22 जुलै 2021, ते तुम्हाला माहितीच आहे, यांचं दुकान गेलं, आपल्या सगळ्यांचं लक्ष तिकडेच होतं आणि ते बरोबरच होतं. पण शाळेत काय झालं ते मी घरी फारसं बोलले नाही. वाचनालय तळमजल्याला. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर उघडेना, आत पुस्तकं फुगून रॅकमध्ये घट्ट बसलेली आणि खाली आडवी झालेली, वर वाशिष्ठीचा चिखल. चकचकीत कागदाची एनसायक्लोपीडिया तर चिऱ्याच्या दगडासारखी एकजीव झाली होती, तो कागद एकदा चिकटून वाळला की सुटतच नाही. साध्या कागदाची वाचतात. पण उन्हात टाकायची नाहीत, पानं वाकडी होतात, सावलीत पंख्याखाली उभी करायची, मधेमधे कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. आणि लाइटच नव्हती कितीतरी दिवस, तर पंखा कुठला. व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या. माजी विद्यार्थी आले, दहावीच्या मुली आल्या, ज्यांच्या स्वतःच्या घरात चिखल होता त्यासुद्धा. गावातल्या टिळक स्मारक वाचन मंदिराचंही तेच झालं, 1864 पासूनची संस्था, त्यांनी 2005 चा पूरही काढलेला होता. जुलै महिना माझ्या वाईटावरच आहे म्हणा.

मग निर्लेखन. म्हणजे जी पुस्तकं गेली त्यांची यादी करून, समिती बसवून, मंजुरी घेऊन दाखल नोंदवहीत प्रत्येकासमोर लाल शाईने शेरा. नोंदवही कपाटाच्या वर होती म्हणून वाचली. ते करताना बाबा तुमची फार आठवण आली. एसटीत कंडक्टर असताना रात्री शेवटची गाडी लावून आल्यावर तुम्ही कंदिलाजवळ वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, आणि चिल्लर जुळवत बसायचात, चार आणे कमी आले तरी जेवायला उठायचा नाहीत. ती सवय तुमच्याकडूनच आली असणार, कारण मीपण एक एक नंबर जुळल्याशिवाय उठले नाही, हे हसत होते मला.

आता पद पूर्णवेळ झालंय, मान्यता आली, ते तुम्हाला कळवलंच होतं. मोठी दहावीला आहे, तिला पुस्तकांचा कंटाळा आहे, माझ्याच पोरीला! धाकटा मात्र सासूबाईंना पेपर वाचून दाखवतो, मृत्यूच्या बातम्या आधी.

तर मुद्दा असा की 12 ऑगस्टला तुम्ही दोघं इथे या. लावणी झालेली असेल, गणपतीला वेळ असेल. पुराच्या गावात पावसात कशाला म्हणू नका, आता आपण दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी कणकवलीहून मांडवीचं तिकीट काढते, फक्त पावसाळी वेळापत्रकात गाडी जास्त वेळ घेते. एसटीनेच येणार असा हट्ट असेल तर तसं या, बाबांना पंच्याहत्तरीनंतर फुकटच आहे आणि आईला अर्धं तिकीट, पण हायवेचं काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे. बाबा, तुमची जुनी तिकिटांची पेटी आणि पंच माळ्यावर आहे तो घेऊन या. मुलांसमोर अर्धा तास बोलायचंय, मुख्याध्यापकांना विचारून ठेवलंय. देवगड-मालवण गाडीला आचऱ्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा लोक कसे यायचे वगैरे जे आम्हाला सांगायचात तेच सांगा. ओळख मी करून देणार आहे, त्यामुळे आधी स्वतः उठून मी कोण ते सांगू नका.

आईने डोळ्यांचे ड्रॉप्स संपले की नाही ते कळवावं. कुळथाचं पीठ संपलंय माझ्याकडे.

तुमची,
ताई