ओंकारला पत्र: बोटीवरच्या जेवणाला काय घालायचं

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास की बाबा क्रूझवर एक रात्र फॉर्मल डिनर आहे, मी इकडे बंगळूरला टक्सीडो, म्हणजे तो बो टायवाला काळा सूट, भाड्याने बघून ठेवलाय, घेऊ का. मी नको म्हटलं आणि तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय, कपड्याच्या बाबतीत तुला अर्धवट सांगून मला झोप येणार नाही. मृणाललाही वाचायला दे, तिच्यासाठी आणि तिच्या आईबाबांसाठी पण यात आहे.

तू पाठवलेली नियमांची पीडीएफ मी दुकानात बसून दोनदा वाचली. शिवाय आपल्या गिऱ्हाईकांपैकी एका बाईंचा मुलगा अशाच बोटीवर डायनिंग हॉलमधे वेटर आहे, तो सुट्टीवर आलेला पँटची कंबर सैल करायला, त्याला धरून बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. तर ऐक. नियम जो काय आहे तो मुख्य डायनिंग हॉलचा आहे, जिथे टेबल ठरलेलं असतं आणि वेटर वाढतात. वरच्या मजल्यावर बुफे असतो तिथे फॉर्मल रात्रीसुद्धा साध्या कपड्यात जेवता येतं, फक्त ओल्या पोहण्याच्या कपड्यात किंवा अनवाणी जायचं नाही. रोजच्या रात्री हॉलमधे फुल पँट, कॉलरचा शर्ट, बंद बूट, झालं. हाफ पँट, बिनबाह्यांचा बनियन, बेसबॉलची कॅप, रबरी स्लीपर हे जेवणाच्या वेळी चालत नाही. आणि फॉर्मल रात्र लहान सफरीत एखादीच असते, सात रात्रींच्या सफरीत बहुतेक दोन.

हे सगळ्या बोटींवर सारखं नसतं बरं का. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने फॉर्मल नाइटची सक्तीच काढून टाकलीय, आणि क्युनार्ड या दुसऱ्या कंपनीच्या क्वीन मेरी २ बोटीवर उलटं, संध्याकाळी सहा वाजले की बोटीच्या बहुतेक भागात लोक नीट कपडे करूनच फिरतात आणि गाला म्हणजे खास फॉर्मल रात्रीला पुरुष टक्सीडो किंवा गडद सूट घालून येतात. तुमची बोट या दोघांच्या मधली दिसतेय, तिच्या पीडीएफमधे सूट, टक्सीडो आणि त्याच ओळीत राष्ट्रीय पोशाख असं स्वच्छ लिहिलंय. ती ओळ तू वाचलीस का रे? मला वाटतं गाऊन आणि बो टायचे फोटो बघूनच तू भाड्याच्या दुकानात गेलास.

आता भाड्याचा सूट मी का नको म्हणतो ते सांगतो. कोटाची बाही कमी करता येते, कंबर आत घेता येते, पँट तर काय कशीही उसवून शिवता येते, पण खांदा दुरुस्त होत नाही. म्हणजे करायचाच म्हटला तर अख्खा कोट उसवावा लागतो आणि भाड्याच्या कोटाला तसं कोण करू देणार. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली आहे, बॅग एकाच खांद्याला लावून कॉलेजला जायचास तेव्हापासून. तयार कोट घातलास की उजव्या कॉलरपाशी एक आडवी सुरकुती पडते आणि ती फोटोत कायमची राहते, आणि त्या रात्री बोटीवरचे फोटोग्राफर जिन्यापाशी पडदे लावून उभेच असतात म्हणे. मी ती सुरकुती कुठेही ओळखेन.

शिवाय तुझ्या मनात बसलंय की टक्सीडो म्हणजेच खरा मान. हेन्री पूल म्हणून लंडनला सॅव्हिल रोवर जुनं शिंप्याचं दुकान आहे, ते सांगतात की १८६५ मधे त्यांनी इंग्लंडच्या युवराजासाठी एक आखूड कोट शिवला, तो कशासाठी, तर घरच्या घरी मोकळेपणाने जेवता यावं म्हणून, कारण तेव्हा दरबारी जेवणाला मागे लांब शेपट्या असलेला कोट घालावा लागायचा. त्यातूनच पुढे डिनर जॅकेट आलं आणि अमेरिकेत त्याला टक्सीडो नाव पडलं. म्हणजे एका माणसाला स्वतःच्या घरात जेवताना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून केलेला हा कपडा. मग तू त्याच कपड्यात अवघडून का बसायचं?

तुला मी बंद गळ्याचा जोधपुरी शिवतो. तू म्हणालास वेगळं वाटेल, सगळे बघतील. बघू देत की. त्या वेटर मुलाने सांगितलं की त्याच्या हॉलमधे बंद गळा, शेरवानी, कांजीवरम साड्या नेहमी असतात आणि त्यांना कोणी दारात अडवत नाही, उलट टेबलावरचे लोक आवर्जून विचारतात हे कुठे शिवलं. तू सदाशिव पेठेतल्या शिंप्याचा मुलगा आहेस, तुला कोणी विचारलं तर उत्तर द्यायला मला नाही वाटत काही अडचण पडेल.

जोधपुरी आणि सूट यात जेवायला बसल्यावर एक फरक पडतो तो लक्षात घे. सुटाचं बटण बसताना सोडतात, जोधपुरीची बटणं लावलेलीच राहतात. म्हणून त्याचं माप उभं राहून घेतलं आणि संपलं असं चालत नाही. मी गिऱ्हाईकाला ट्रायलच्या वेळी स्टुलावर बसवतो, समोर कटिंगचं टेबल असतं त्यावर हात ठेवायला सांगतो, मग ताटाकडे बघतोस तशी मान खाली घाल म्हणतो. तेव्हा कॉलर गळ्याला टोचली की समजायचं गळा कमी पडला. आत दोन बोटं सहज फिरली पाहिजेत. आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, उंच कापावा लागतो, मुंढा खोल असला की हात पुढे केला की सगळा कोट वर उचलला जातो आणि माणूस जेवणभर कोट खाली ओढत बसतो. लोकांना वाटतं सैल मुंढा म्हणजे आराम, पण ते बरोबर उलटं आहे. पोटाला मी थोडा घेर जास्त ठेवेन, तिकडे सूप, सॅलड, मेन कोर्स, गोड असं बराच वेळ चालतं, आणि मागे दोन्ही बाजूंना चिरा देईन म्हणजे खुर्चीत कोट गोळा होणार नाही.

कापड टेरीवूल घेऊ, म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर मिसळलेलं, मीटरला साधारण अडीचशे ग्रॅमच्या आसपासचं. लिनन अजिबात नको, फार लोक लिननच्या प्रेमात आहेत हल्ली, पण लिनन एकदा बसून उठलं की चुरगळलं. आणि बोटीवर केबिनमधे इस्त्री नेता येत नाही हे तुला माहितीये का? आगीच्या भीतीने बंदी असते, बॅगेत सापडली की काढून घेतात आणि उतरताना परत देतात, प्रवासी छोटी इस्त्रीसुद्धा. बोटीची लाँड्री इस्त्री करून देते पण त्याचे पैसे वेगळे, आणि फॉर्मल रात्रीच्या आधी सगळेच कपडे देतात. लोकरीचं कापड मात्र वाफेवर सुधारतं. आंघोळ करताना गरम पाणी सोडून बाथरूममधे हँगरला कोट टांगून ठेव, पाणी उडणार नाही असा, आणि नंतर तासभर बाहेर मोकळा टांग, सुरकुत्या बऱ्याच जातात.

रंग गडद निळा, काळ्याच्या जवळ जाणारा. रात्रीच्या पिवळ्या दिव्यात काळं कापड जरा विटकं दिसतं आणि हा निळा भरीव दिसतो, शिवाय काळ्यावर धागा न् धागा चिकटलेला दिसतो.

बॅगेत घालताना एक खांदा उलटा करून दुसऱ्या खांद्यात बसवायचा, म्हणजे अस्तर बाहेर येतं आणि कापड आत राहतं, मग मधे एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी ठेवून एकच घडी. तुला दुकानात करून दाखवेन. पहिल्या संध्याकाळचे कपडे मात्र हातातल्या बॅगेत ठेव. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि केबिनच्या दाराशी यायला कधीकधी संध्याकाळ होते, लोक विमानातल्या चुरगळलेल्या टी शर्टवर पहिल्या जेवणाला बसतात.

मृणालला सांग गाऊन शिवायचाच असेल हौसेने तर जरूर शिवू दे, माझा काही विरोध नाही, पण लागतो म्हणून नको. तुझी आई म्हणते पैठणी नेऊ नकोस, जरीची घडी मोडली की तिथे ती सरळ करायला कोणी नाही, आणि काठ जड असतात. महेश्वरी किंवा चंदेरी हलकी असते, घडीतून काढली की दिसायला चांगली दिसते. डेकवर वारा जबरदस्त असतो म्हणून पदराला आतून पिन लाव, आणि साडी रोजच्या उंचीपेक्षा अर्धा इंच वर नेस कारण बोट थोडी हलते, जिने असतात, आणि त्यात हिल्स. डायनिंग हॉलमधे एसी कडक असतो, तिच्या आईला शाल लागेलच, नुसती पिशवीत नको, हातात असू दे.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत, प्रत्येकाला एक कार्ड देतात, केबिनचं दारही त्यानेच उघडतं आणि खर्चही त्यावरच पडतो. म्हणजे जेवायला जाताना कार्ड जवळ पाहिजेच. तुझ्या कोटाला आतून डाव्या बाजूला मी त्या कार्डाच्या मापाचा कप्पा लावतो, मोबाइलचा वेगळा, नाहीतर मोबाइलचं वजन कोटाची एक बाजू खाली ओढतं. मृणालच्या परकराला कमरेच्या पट्टीत एक चोरकप्पा करून देऊ, म्हणजे जेवताना पर्स मांडीवर सांभाळत बसायला नको.

तिचे बाबा कोट घालणार नाहीत म्हणालास ना, त्यांना आग्रह करू नकोस. पांढरा झब्बा, चुडीदार किंवा लेंगा आणि वर नेहरू जॅकेट, पायात बंद मोजडी. हे आपल्याकडे लग्नात चालतं ते तिथेही चालतं. आणि त्यांना तेही नको वाटलं तर त्या रात्री तुम्ही सगळेच वर बुफेला जा, एकट्याला पाठवू नका. ते म्हणतील मी जातो एकटा, पण त्यांचं ऐकू नकोस. सफर सगळ्यांनी मिळून करायचीय ना, मग जेवणाला टेबलं वेगळी कशाला.

ईरासाठी खणाचं परकर-पोलकं शिवायला घेतलंच आहे, लहान मुलांना फार नियम नसतात. परकर खाली दुमडून ठेवतोय, पुढच्या दिवाळीला सोडता येईल.

आता तुझं काम. बुटाचा फोटो पाठव, कारण पँटची उंची बुटावर ठरते आणि तू कुठले बूट घालणार ते मला माहीत नाही. कोटाला साधारण दोन मीटर आणि पँटला सव्वा मीटर कापड लागेल, ते मी लक्ष्मी रोडवरून आणतो, बटणं रविवार पेठेतून, तुला पितळेची हवीत की कापड चढवलेली ते सांग, मला विचारशील तर कापड चढवलेली. छातीचं माप माझ्याकडच्या वहीत तुझ्या लग्नाच्या वेळचं आहे पण ते आता चालणार नाही, तेव्हा पुढच्या शनिवार-रविवारी पुण्याला ये. माप घेतल्यावर एक ट्रायल कच्च्या टाक्यांवर आणि एक शेवटची अशा दोन लागतील, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी येतो म्हणालास तर जमणार नाही. भाड्याच्या दुकानात अनामत भरली असशील तर आजच फोन करून परत मिळते का बघ.

आई विचारतेय येताना मृणाल आणि ईरा पण येणार का, म्हणजे ब्लाउजचं मापही होऊन जाईल.

तुझा
बाबा