शैलास, मुक्ताच्या पायाबद्दल

प्रिय शैला,

मुक्ताचा उजवा पाय दुखतोय आणि ती लपवतेय. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर ‘पळणाऱ्या पोरीचे पाय दुखणारच’ म्हणून विषय संपला असता. ‘नक्की कुठे दुखतंय, बोट ठेवून दाखव’ असं विचारणारी तू एकटीच. शिवाय तिच्या पायात जे पातळ तळाचे, पाच बोटांचे बूट आहेत ते तूच पाठवलेस.

रागाने लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. नाहीतर पत्र अर्ध्यावर टाकून फोन लावशील आणि विनूच्या लग्नात झालं तसं आपण दोघी एकाच वेळी बोलत सुटू. बूट मलाही आवडतात, तुला माहीत आहे. पण मुक्ता ते घालून काय करतेय ते ऐक.

परवा रात्री ती सोफ्यावर पाय पसरून वाचत पडली होती. मी शेजारी बसले आणि सहज तिचा पाय मांडीवर घेतला. चवड्याच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे जे लांब हाड जातं त्याच्या साधारण मध्यावर माझा अंगठा टेकला, तशी तिने पाय खसकन ओढून घेतला. म्हणे, गुदगुल्या होतात. शैला, गुदगुल्या झाल्या की माणूस हसतं, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी जबरदस्तीने पुन्हा पाय घेतला. आजूबाजूच्या हाडांवर दाबलं, काही नाही. डाव्या पायावर त्याच जागी दाबलं, काही नाही. उजव्या पायावर फक्त तेवढ्याच जागी, बोटाच्या एका पेरात मावेल एवढीच जागा. वर किंचित सूजही आहे, दिव्याखाली तिरकं पाहिलं तर दिसते.

तुझंही हेच होतं ना? सरांनी मुरगळलाय म्हणून पट्टी बांधली, एक्स-रे स्वच्छ आला, आणि तू पुन्हा मैदानावर. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला गेलेली बारीक चीर, सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो संपूर्ण सीझन तू बाकावर बसून काढलास, आणि मी रोज येऊन कोण किती वेळात धावलं ते तुला सांगायचे. तू एकदा माझ्या अंगावर पाण्याची बाटली रिकामी केलीस ती त्याच दिवसांतली. म्हणून म्हणते, हे तुलाच कळेल.

बूट आले त्या आठवड्यापासून ती पूर्ण अंतर त्यातच पळतेय. जुने बूट माळ्यावर गेले. त्यांच्या टाचेला चवड्यापेक्षा दहा-बारा मिलिमीटर उंची होती, खाली जाड फोम होता. त्यातून एकदम शून्य उंची आणि काही मिलिमीटरचं रबर. हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय, तारीख जवळ आलीये, त्यामुळे अंतर वाढवायचं, वेग वाढवायचा आणि बूटही बदलायचे, हे सगळं तिने एकदमच सुरू केलं. मी म्हटलं, एका वेळी एक बदल कर. तर मला ऐकवलं, ‘शैलामावशी म्हणते पाय मुळात अनवाणी चालायलाच घडलाय.’ तुझा शब्द म्हणजे या घरात कोर्टाचा निकाल.

आणि तुझं ते म्हणणं मला मान्यच आहे गं. एका पायात २६ हाडं आणि ३३ सांधे काय उगाच आहेत? कुशनच्या बुटात वर्षानुवर्षं कोंडलेले पाय मी जिममध्ये रोज बघते. बोटं एकमेकांवर चढलेली, एका पायावर उभं राहायला सांगितलं की घोटा लटपटतो. स्क्वॉट किंवा डेडलिफ्टला मी आजही हे पातळ तळाचेच बूट घालते. फोमच्या बुटात वजन उचलताना टाच दबते, तोल पुढेमागे जातो. पातळ तळात अंगठा, करंगळी आणि टाच तिन्ही जमिनीला लागलेली कळतात, जमीन ढकलता येते. चालायलाही उत्तम. ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांचा २०१९ सालचा अभ्यास तूच मला पाठवला होतास. पातळ तळाच्या बुटात आठ आठवडे नुसतं चाललं तरी पायाचे छोटे स्नायू वाढतात, आणि तेही मुद्दाम पायाचे व्यायाम करणाऱ्यांच्या बरोबरीने. मी तो आमच्या फळ्यावर लावला होता.

पण त्याच विद्यापीठाचा २०१३ सालचा अभ्यास तू कधी पाठवला नाहीस, तो मी शोधून काढला. ३६ सरावाचे धावपटू होते, त्यातल्या १९ जणांना व्हायब्रम कंपनीचे पाच बोटांचे बूट दिले आणि दहा आठवडे हळूहळू सवय करायला सांगितलं. आधी आणि नंतर पायाचा एमआरआय. त्या १९ पैकी १० जणांच्या पायाच्या एखाद्या तरी हाडात सूज वाढलेली निघाली, नेहमीच्या बुटात धावणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. आणि हे हळूहळू सवय करणारे लोक होते, शैला. मुक्ता तर पहिल्याच रविवारी लांब पल्ल्याला गेली.

आता तू तो इथिओपियाचा धावपटू बिकिला काढशील. मला माहीत आहे, १९६० चं रोम, अनवाणी मॅरेथॉन, सुवर्णपदक, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. या एका माणसावरून आपण किती संध्याकाळी घालवल्या! मग मीही नेहमीचंच काढते: १९६४, टोकियो, तोच अबेबे बिकिला, पायात बूट, २ तास १२ मिनिटं ११ सेकंद, पुन्हा सुवर्ण. तेही अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन काही आठवडेच झाले असताना. तू यावर काय म्हणतेस तेही पाठ आहे मला, ‘अनवाणी पळून कमावलेले पाय होते म्हणून.’ बरोबर. तेच मी मुक्ताबद्दल म्हणतेय. तिचे पाय अजून कमावलेले नाहीत.

हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा २०१० चा तो ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातला निबंध घे. लहानपणापासून अनवाणी पळणारे लोक बहुतेक करून चवड्यावर किंवा मधल्या पावलावर उतरतात, टाचेवर आदळत नाहीत, आणि त्यामुळे पाऊल पडतानाचा पहिला तीव्र धक्का टळतो. पण ते जन्माच्या सवयीने तसे पळतात. त्याने दुखापती कमी होतात असं काही त्या निबंधात सिद्ध झालेलं नव्हतं. ते २०१४ चं अमेरिकेतलं प्रकरणही त्याच मुद्द्याचं होतं. बुटांच्या जाहिरातीतल्या दाव्यांवरून ग्राहकांनी खटला भरला, व्हायब्रमने साडेसदतीस लाख डॉलरवर तडजोड केली आणि शास्त्रीय आधार असल्याशिवाय तसे दावे करणार नाही असं मान्य केलं. ‘दोष कबूल केलेला नाही’ यावरून तू आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होतास. नव्हताच केला, ते खरंच आहे. पण बूट घातल्याने पाय आपोआप शहाणा होत नाही, हा माझा मुद्दाही तिथेच उभा आहे.

ते मुक्ताच्या बुटांवरच लिहिलेलं आहे. काल ती आंघोळीला गेली तेव्हा मी ते उलटे करून पाहिले. उजव्या टाचेचा बाहेरचा कोपरा घासून गुळगुळीत झालाय आणि बोटांखालची नक्षी नव्यासारखी. म्हणजे थकली की ती पुन्हा टाचेवरच उतरते, फक्त आता खाली फोम नाही. आवाजही येतो. सकाळी ती गल्लीच्या टोकाला वळते तेव्हा खिडकीतून ऐकते मी, जाताना पावलं हलकी असतात, परतताना फटाक फटाक वाजतात. मग कधीतरी तिला आठवतं आणि ती ओढूनताणून चवड्यावर पळते, तेव्हा सगळा भार पोटऱ्यांवर, टाचेमागच्या अकिलीस शिरेवर आणि त्या बोटांमागच्या बारीक हाडांवर. गुडघ्याचा भार कमी होतो तो कुठेतरी जातोच ना. तुझ्या गुडघ्याला या बुटांनी आराम पडला तो त्याचमुळे, मला आनंदच आहे. पण तू वर्षभर नुसती चाललीस, मग पळायला लागलीस. तुझ्या पोटऱ्या त्या काळात कशा ठणकायच्या आणि जिना उलटा उतरायचीस, ते मुक्ताला कधी सांगितलंस का? गोष्टीतला तेवढाच भाग गाळलास बहुतेक.

(आईंनी मात्र हे बूट अजून स्वीकारलेले नाहीत. दोरीवर वाळत घातलेले बघून परवा पुन्हा ओरडल्या. आणि वास, शैला! अनवाणी पायाने घालते आणि धुवायचे म्हटलं की उद्या. बोटांचे मोजे दिलेत तर म्हणते घालायलाच पाच मिनिटं जातात, करंगळी दरवेळी शेजारच्या कप्प्यात शिरते.)

आता जे खरं लिहायचं होतं ते. तिची पाळी दोन महिने आलेली नाही. पळणं वाढवलंय आणि जेवण कमी केलंय, ‘हलकं वाटतं’ म्हणून. मी जिममध्ये मुलींना हेच समजावते: शरीराला पुरेसं अन्न मिळालं नाही की पाळी जाऊ शकते, हाडांची भरही मंदावते. या वयातच तर हाडं भरायची. अशा हाडांवर कुशन काढून घेऊन दुप्पट भार टाकला तर त्यांनी काय करावं? नुसता बुटांचा प्रश्न असता तर मी बूट लपवून मोकळी झाले असते. सुधीरला सांगितलं तर तो म्हणाला डॉक्टरकडे ने. नेणारच आहे, स्पोर्ट्सवाल्या बाईंची वेळ घेतलीये, एमआरआयचंही विचारणार आहे. पण ‘पळायचं थांब’ हे मी म्हटलं तर आई म्हणून म्हणतेय असं होतं, डॉक्टरांनी म्हटलं तर घाबरवतात असं होतं. बूट तू दिलेस, सुरू कर तू म्हणालीस, तर थांब हेही तूच म्हणायला हवं.

आणि नीट सांग. बूट वाईट आहेत असं सांगू नकोस, ती ते तुझ्यासारखेच जीव लावून वापरते, शिवाय ते खरंही नाही. तिला म्हण, हाडावर एका बिंदूत दुखत असेल तर त्यावर पळायचं नाही, शर्यत असो की काही असो. हाड भरून यायला सहा-आठ आठवडे लागतात, तेवढे दिले तर बरं होतं, नाही दिले तर पूर्ण मोडू शकतं. त्या काळात डॉक्टरांनी हो म्हटलं तर सायकल, पोहणं. बरी झाली की आधी घरात वावरायला हे बूट, मग चालायला, मग जुन्या बुटातलं पळणं संपल्यावर शेवटचे काही मिनिटं यात, तेही दिवसाआड. पोटऱ्यांचे व्यायाम रोज. पोटरी दुखली तर चालेल, हाड दुखलं तर नाही. आणि पोटभर जेव म्हणावं. हे शेवटचं तू ज्या आवाजात बोलतेस ना, वसतिगृहात मला परीक्षेच्या वेळी म्हणायचीस त्या आवाजात सांग, माझ्यासाठी तरी तो उपयोगी पडला होता.

तुझा पायही दाखव तिला व्हिडिओ कॉलवर. हाड जुळलं तिथली गाठ अजून हाताला लागते ना?

तुझी नवी नोकरी कशी आहे? घर बदललंस ते बरं केलंस, त्या जिन्याला मीही कंटाळले होते. अण्णांसाठी हेच बूट घ्यायचे लिहिलं होतंस, ते मात्र अजिबात नको. त्यांना साखर आहे आणि तळपाय बधिर असतात, खडा टोचला की जखम झाली तरी कळणार नाही. पातळ रबर काचेपासून वाचवतं, खड्याच्या मारापासून वाचवत नाही. त्यांना रुंद, मऊ, बंद बूट घे आणि रोज रात्री पाय तपासत जा. माझं ठीक आहे, बीपी गोळीवर आहे, खांदा मधूनमधून कुरकुरतो.

फोन रविवारी संध्याकाळी सातनंतर कर, तेव्हा ती घरी असते. मी तुला लिहिलंय हे तिला सांगितलं तरी चालेल, लपवाछपवी आधीच खूप झालीये या घरात.

तुझी,
मेधा

ता. क. डॉक्टरांची वेळ मंगळवारची आहे. त्याआधी ती शनिवारी पुन्हा लांब पळायला जायचं म्हणतेय, तेव्हा रविवारची वाट न बघता शुक्रवारीच फोन केलास तर जास्त बरं.