न्यूयॉर्कमधली रविवार सकाळ

न्यूयॉर्क

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना सा. न. वि. वि.

तिकिटं झाली हे वाचून फार आनंद झाला. वहिनींनी विचारलंय की शनिवार-रविवारी सकाळी बाहेर खायला कुठे जायचं. आधी एक सांगतो: इथे जागा निवडताना नावाआधी घड्याळ बघायचं. साडेअकरा ते दीडच्या दरम्यान सगळं शहर ब्रंचला, म्हणजे नाश्ता आणि जेवण एकत्र उरकायला, बाहेर पडतं. साडेनऊला ज्या दारात शुकशुकाट असतो, तिथेच बारा वाजता तासाभराची वाट बघावी लागते. यादीत नाव लावलं तरी सगळी माणसं हजर झाल्याशिवाय बहुतेक ठिकाणी बसवत नाहीत. त्यामुळे एकाने पुढे जाऊन टेबल धरायची आपली सोय इथे चालत नाही.

वहिनींना मासे प्रिय, म्हणून पहिला रविवार ह्यूस्टन स्ट्रीटवरच्या ‘रस अँड डॉटर्स’साठी राखून ठेवा. 1914 पासूनचं हे ज्यू कुटुंबाचं दुकान आहे. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा त्यांचा धर्मनियम, म्हणून इथे मासे आणि चीज मिळतं, मांस नाही. आत शिरल्याबरोबर नंबराचं तिकीट घ्या. नवखी माणसं काचेतले मासे बघत उभी राहतात आणि मागून आलेले दहा जण पुढे जातात. साल्मन मागताना ‘नोव्हा’ म्हणा. तो बेताच्या मिठात मुरवून थंड धुरावर ठेवलेला असतो. ‘बेली लॉक्स’ नुसत्या मिठात मुरवलेला, पहिल्यांदा खाणाऱ्याला खारट लागतो.

हा मासा बेगलमध्ये, म्हणजे मधे भोक असलेल्या गोल पावात, खायचा. बेगल आधी पाण्यात उकळून मग भाजतात, म्हणून वरून चकचकीत आणि चावायला चिवट असतो. सकाळी ताजा असेल तर टोस्ट करायला सांगू नका. भाजून तो कडक होतो आणि मासाही कोमट पडतो. क्रीम चीज ‘लाइट’ लावायला सांगा, नाहीतर बोटभर जाड थर येतो आणि पहिल्याच घासाला सगळं मागच्या बाजूने बाहेर. सोबत कांदा, टोमॅटो आणि केपर्स घ्या. केपर्स म्हणजे लोणच्यातल्या आंबट-खारट कळ्या, त्यांच्यामुळे माशाचा तेलकटपणा कापला जातो. बसून खायचं असेल तर त्यांचाच कॅफे ऑर्चर्ड स्ट्रीटवर आहे. गर्दी दिसली तर मात्र दुकानातून बांधून घ्या आणि जवळच्या बागेत बसून खा, चवीत काही कमी होत नाही.

दादाला अंड्याचं खायचंय, तर स्प्रिंग स्ट्रीटवरचं ‘बाल्थझार’. इथे आधी टेबल राखता येतं, आणि राखलंच पाहिजे. एग्ज बेनेडिक्ट मागवा: भाजलेल्या इंग्लिश मफिनचा (चपट्या गोल पावाचा) अर्धा भाग, त्यावर मांसाचा काप, पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं आणि वरून हॉलंडेज सॉस. मांस डुकराचं असतं. नको असेल तर पालकाचं ‘फ्लोरेंटाइन’ मिळेल का ते विचारा. खरी परीक्षा सॉसची. पिवळा बलक आणि लोणी घोटून तो करतात. फार वेळ गरम ठेवला की लोणी सुटतं, गार झाला की वर साय धरते. ताटात कडेला तूप सुटल्यासारखं दिसलं तर बेलाशक परत द्या, इथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

आईचं काय, हा खरा प्रश्न. ती अंडंही खात नाही, आणि इथे पॅनकेक, वॉफल दोन्हींच्या पिठात बहुधा अंडं असतं. बटाट्याच्या परतलेल्या फोडीसुद्धा पुष्कळदा बेकनच्याच (डुकराच्या मांसाच्या) तव्यावरून येतात. तिच्यासाठी दोन जागा मला खात्रीच्या वाटतात. एक चायनाटाउनमध्ये मॉट स्ट्रीटवरचं ‘बुद्धा बोदाइ’. तिथे पूर्ण शाकाहारी डिम सम (सारण भरून वाफवलेले वगैरे छोटे चिनी पदार्थ) मिळतात, तरी मागवताना अंड्याचं एकदा विचारून घ्या. दुसरी म्हणजे फ्लशिंगच्या गणपती मंदिराचं तळघरातलं कँटीन. 7 नंबरच्या मेट्रोने शेवटच्या स्टेशनवर उतरून वीसेक मिनिटं चालायचं. डोसा उत्तम, आणि आईचं देवदर्शनही होईल.

तुम्हा दोघांना मांसाहारी डिम सम हवेत तर ईस्ट ब्रॉडवेवरच्या ‘गोल्डन युनिकॉर्न’मध्ये टेबलांमधून ढकलगाड्या फिरतात. बोट दाखवायचं, बांबूची टोपली खाली येते, कार्डावर शिक्का पडतो. साडेदहापर्यंत पोहोचा, दुपार कलली की गाड्यांवर तेच तेच उरतं. कोळंबीचे पारदर्शक ‘हार गाव’ आले की लगेच खा, गार झाले की आवरण टोपलीला चिकटून फाटतं. चहा संपला की किटलीचं झाकण तिरकं ठेवा, भरून मिळतो. हिरव्या भाजीवर मात्र ऑयस्टर (कालवांचा) सॉस असतो, ती आईला देऊ नका.

‘बॉटमलेस’ अशी पाटी दिसली तर पुढे चला. ठरलेल्या पैशांत हवी तेवढी दारू, बहुधा दीड-दोन तासांची मर्यादा आणि कानठळ्या बसवणारं संगीत. आईला घेऊन जायची ती जागा नव्हे.

बिलाचं नीट समजून घ्या. मेनूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. त्यावर 8.875 टक्के कर आणि साधारण 20 टक्के टीप, म्हणजे 20 डॉलरची डिश पावणेसव्वीसला पडते. टीप ऐच्छिक म्हणतात, पण वाढणाऱ्याची कमाई मुख्यतः त्यावरच, म्हणून ती चुकवू नका. मोठा घोळका असेल तर ती बिलात आधीच लावलेली असू शकते. ‘ग्रॅच्युइटी’ अशी ओळ शोधा, नाहीतर दोनदा दिली जाते.

मेट्रोचा नकाशा बघून निघालात तर फसाल. ‘बी’ गाडी शनिवार-रविवारी धावतच नाही, चायनाटाउनजवळच्या ग्रँड स्ट्रीट स्टेशनला ‘डी’ने जायचं. रुळांची कामंही याच दोन दिवशी काढतात, म्हणून निघण्याआधी फोनवर बदल बघा आणि हाताशी अर्धा तास जास्त ठेवा.

विमानाच्या वेळा आणि किती रविवार मिळतील ते कळवा, म्हणजे बाल्थझारचं टेबल मी इथूनच राखून ठेवतो. सकाळी नऊचं मागतो, म्हणजे आईची औषधाची वेळही सांभाळली जाईल.

आईला सा. नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा