नको असलेल्या ईमेलविषयी आई-बाबांस पत्र

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, रोज इनबॉक्स साफ करूनही दुसऱ्या दिवशी तो तेवढाच भरलेला दिसतो, ही तुमची तक्रार अगदी खरी आहे. आलेला मेल तुम्ही पुसून टाकता तेव्हा तो फक्त तुमच्या डोळ्यांसमोरून जातो. पाठवणाऱ्याला त्याची दखलही नसते, आणि हा मेल नकोसा होता की वाचून झाल्यामुळे काढला, हे ईमेल सेवेलाही त्यावरून नीट समजत नाही. त्यामुळे रोजच्या पुसण्यातून रोजचे कामच तेवढे वाढते. मेल नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ओळखून त्याप्रमाणे वेगवेगळा उपाय केला, तरच पुढचे मेल थांबतात, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे.

हा त्रास काही नवा नाही. ३ मे १९७८ रोजी एका अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने त्या काळच्या अर्पानेट या, इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या, जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या संगणकांची जाहिरात एकदमच पाठवून दिली होती, आणि लोक तेव्हाही असेच वैतागले होते. पुढे १९८२ मध्ये ईमेल पाठवण्याची जी पद्धत ठरली, तिच्यात पाठवणारा खरोखर तोच आहे का हे तपासण्याची सोयच नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचाही पत्ता लिहावा, तसेच ते होते. तपासणीच्या व्यवस्था नंतर जोडल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी २००४ च्या जानेवारीत हा प्रश्न दोन वर्षांत सुटेल असे सांगितले होते, त्यावरून तुम्हीच काय तो अंदाज करावा.

आता पहिला प्रकार म्हणजे आपणच कधीतरी होकार दिलेले मेल. एखादी खरेदी करताना किंवा अर्ज भरताना खाली एका छोट्या चौकटीत आधीच खूण केलेली असते, ती आपण काढत नाही, आणि त्या दिवसापासून सवलतींचे मेल सुरू होतात. हे पाठवणारे ओळखीचे आणि खरे असतात, त्यामुळे त्यांच्याकडून नाव काढून घेणे हाच योग्य मार्ग आहे. त्यासाठी मेलच्या तळाशी बारीक, फिकट अक्षरांत लिहिलेली ओळ शोधत बसू नका (ती सापडू नये अशीच रचना काही जण करतात, असे माझे मत आहे). मेल उघडल्यावर वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतःच ‘अनसबस्क्राइब’ असा पर्याय पुष्कळदा दाखवते, तो दाबावा. फेब्रुवारी २०२४ पासून, जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्यांनी आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करावी, जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्यावी आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात आणावी, असे नियम गूगलने घातले आहेत. त्यामुळे पूर्वीसारखे पासवर्ड विचारणे, कारणे विचारणे असले प्रकार पुष्कळ कमी झाले आहेत. आठवडाभर जो जो असा मेल येईल त्यावर हे केले, तर निम्म्याहून अधिक गर्दी ओसरेल असे मला वाटते.

दुसऱ्या प्रकारात मात्र याच्या अगदी उलट वागावे लागते. ज्यांचे नावही कधी ऐकले नाही, अशांकडून आलेल्या मेलमधील कोणत्याही दुव्याला हात लावू नये, मग तो ‘नाव काढून टाका’ असे सांगणारा असला तरीही. तो दाबला की या पत्त्यावर कोणीतरी मेल वाचते एवढी पक्की बातमी त्यांना मिळते, आणि अशा चालू पत्त्याला त्यांच्या बाजारात मोल असते. येथे मेल न उघडताच निवडावा आणि ‘रिपोर्ट स्पॅम’ करावे (स्पॅम म्हणजे न मागता आलेला नकोसा मेल). संगणकावर वरच्या पट्टीत अष्टकोनात उद्गारचिन्ह असलेले जे बटण आहे, ते हेच. या एका बटणाचा उपयोग पुसण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण स्पॅम ओळखणारी यंत्रणा लोकांनी दिलेल्या उदाहरणांवरूनच शिकते. नकोशा मेलमध्ये कोणते शब्द वारंवार येतात आणि हव्या असलेल्या मेलमध्ये कोणते, यावरून नव्या मेलची शक्यता मोजायची, ही कल्पना २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या संगणक प्रोग्रामरच्या लेखामुळे सर्वत्र पोहोचली. आजच्या यंत्रणा त्याच्या फार पुढे गेल्या असल्या, तरी तुमचे बटण दाबणे त्यांना अजूनही लागते.

मात्र याच कारणासाठी, आई, कंटाळा आला म्हणून ओळखीच्या संस्थेचा मेल स्पॅममध्ये टाकू नकोस. यंत्रणा ते खरे धरते, आणि मग त्याच संस्थेचे महत्त्वाचे पत्रही तिकडेच जाऊन पडते. स्पॅमच्या कप्प्यातील मेल जीमेल ३० दिवसांनी आपोआप काढून टाकते, म्हणून आठवड्यातून एकदा तिथे नुसती नजर फिरवावी आणि हवा असलेला मेल दिसल्यास ‘नॉट स्पॅम’ करावे.

एखाद्या पाठवणाऱ्याला ‘ब्लॉक’ करण्यावर बाबांचा फार भरवसा आहे, पण तो उपाय एकाच पत्त्यावरून पिच्छा पुरवणाऱ्यापुरताच चालतो. स्पॅम पाठवणारे पत्ते सतत बदलत असल्यामुळे त्यांच्याविरुद्ध तो निरुपयोगी ठरतो. त्यापेक्षा सेटिंगमध्ये जाऊन बाहेरील चित्रे विचारल्याशिवाय दाखवू नयेत, हा पर्याय निवडून ठेवा. पुष्कळ मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे, एका ठिपक्याएवढे चित्र असते आणि ते उतरवले गेले की मेल उघडल्याची नोंद पाठवणाऱ्याकडे होते.

यापुढे दुकाने, स्पर्धा, सवलत कार्डे यांच्यासाठी वेगळा ईमेल पत्ता वापरावा. मुख्य पत्ता बँक, डॉक्टर आणि घरची माणसे यांच्यापुरता राहू द्यावा. वेगळे खाते नको असेल तर जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचे चिन्ह घालून त्यानंतर त्या दुकानाचे नाव लिहिता येते. मेल आपल्याच खात्यात येतो, आणि पत्ता कोणाकडून बाहेर गेला हेही कळते. काही संकेतस्थळे मात्र हे चिन्ह स्वीकारत नाहीत.

बँकेच्या नावाने खाते बंद होण्याची भीती घालणारे मेल हा तिसरा प्रकार. वर दिसणारे नाव कोणालाही लिहिता येते, म्हणून त्यावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडावा आणि ॲटच्या चिन्हानंतर काय आहे ते अक्षर न् अक्षर वाचावे. पत्ता बरोबर वाटला तरीही त्यातील दुव्यावरून बँकेत जाऊ नये. आपल्या ॲपमधून किंवा कार्डाच्या मागील क्रमांकावरूनच चौकशी करावी. मेल खोटा निघाला तर ‘रिपोर्ट फिशिंग’ करावे (फिशिंग म्हणजे दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवून माहिती काढून घेण्याची फसवणूक).

आणखी एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल. एखाद्या दिवशी अचानक, काही मिनिटांत, अनोळखी संस्थांचे शेकडो ‘नोंदणीबद्दल धन्यवाद’ असे मेल येऊ लागले, तर तो नेहमीचा स्पॅम समजून सगळे एकदम पुसू नका. खात्यातून पैसे गेल्याची किंवा पासवर्ड बदलल्याची बँकेची सूचना त्या ढिगाखाली दडावी, यासाठी चोर मुद्दाम असा पूर आणतात. तेव्हा आधी बँकेचे नाव शोधून तो मेल वाचावा, खाते तपासावे, बँकेला फोन करावा, आणि मग मला करावा, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

तुमची,
लेक