परसातली पानं

वेंगुर्ला,
आषाढ

प्रिय विन्या,

परसातल्या पानांचे, ‘यातलं खायचं काय?’ म्हणून धाडलेले फोटो पोचले. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा झिजवत उत्तर देण्यात जीव रमेना, म्हणून सरळ कागद घेतला. आजोबांचं घर उघडलंस ते बरं केलंस. पण फोटोत पानाची लव दिसत नाही, देठातला चीक दिसत नाही, वास तर नाहीच. तेव्हा पुढे लिहितोय ते पान हातात धरून ताडून बघ आणि मगच विळीवर घे.

न्हाणीघरामागे जाड, लवदार, कातरलेल्या कडांचं जे माजलंय तो पानओवा. बियांचा ओवा म्हणजे हे झाड नव्हे, वास मात्र तोच. भजी कर. बेसनात चमचाभर तांदळाचं पीठ, हिंग, हळद, तिखट घाल आणि पीठ सरसरीत ठेव. जाड लेप बसला की नुसतं बेसन खाल्ल्यासारखं होतं. फांदी मोडून कुठेही खोचलीस तरी जगते.

आता गडग्याकडेचं, दगडी कुंपणालगतचं. तो टाकळा आहे असं तू ठोकून दिलंयस. असेलही, पण तिथेच कासविंदाही उगवतो आणि पिवळी फुलं दोघांनाही येतात. टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या बहुधा तीनच जोड्या असतात आणि टोकं गोलसर. कासविंद्याच्या जोड्या चार-पाच आणि पान टोकदार. वासावर जाऊ नकोस, दोन्ही उग्रच. कासविंद्याच्या बिया विषारी असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात त्या खाऊन लहान मुलं दगावल्याचं डॉक्टरांनी शोधून काढलं होतं. म्हणून जरा शंका आली तरी तोडू नको. टाकळाच निघाला तर फुलं यायच्या आत कोवळे शेंडे खुड. कांदा, लसूण, हिरवी मिरची परत, उकडलेल्या आठळ्या, म्हणजे फणसाच्या बिया, टाक आणि चिरलेला पाला घालून वाफ आण. वरून ओलं खोबरं सढळ हाताने. मूगडाळ घालणारेही आहेत, मला आठळ्यांपुढे ती फिकी वाटते.

विहिरीजवळ जमिनीसरशी पसरलेली लालसर, गुबगुबीत दांड्यांची घोळ दिसतेय. दांडा मोडून बघ. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, दुधी नावाचं तण आहे (दुधी भोपळा नव्हे), टाकून दे. घोळ मुळात आंबटसर, त्यामुळे तूरडाळीत शिजवताना चिंच कमी घाल.

सांडपाण्याच्या पाटातला अळू भाजीचा की रानटी, ते शेजारच्या काकींना विचार. तिथे माझं किंवा मोबाइलमधल्या अ‍ॅपचं काही ऐकू नकोस. खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. चिरताना हाताला तेल लाव, चिंच किंवा आमसूल घाल आणि भरपूर शिजव. अर्धाकच्चा अळू घशाला लागला की पाहुणे परत फिरकत नाहीत.

जांभळ्या फुलांच्या झाडाचा फोटो धूसर आलाय. ते तूर्त नुसतं बघ, खाऊ नको.

नारळीपौर्णिमेला येतोय. टाकळा तोवर जून होईल, तो तू आत्ताच संपव. अळू मात्र मी येईपर्यंत राखून ठेव, त्यात घालायला काजूगर मी घेऊन येतो.

तुझा,
सुध्या